कोविडमधल्या रक्ततपासण्या आणि ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस: आकडे काय सांगतात, काय सांगत नाहीत

आजचा विषय तुमच्यापैकीच अनेकांनी सुचवलेला आहे. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत आपल्या घरांमध्ये काही नवे शब्द शिरले. सीआरपी, डी-डायमर, फेरिटिन, एलडीएच, आयएल-६. ज्यांनी कधी हिमोग्लोबिनचा रिपोर्टसुद्धा नीट वाचला नव्हता, ते लोक फोनवर एकमेकांना विचारत होते, "आज सीआरपी किती आला?" इंदूर असो, बडोदा असो की हैदराबाद, प्रश्न सगळीकडे एकच होता.

त्या काळातल्या फायली बऱ्याच घरांत अजून जपून ठेवलेल्या आहेत. मला जे प्रश्न येतात, त्यांत दोन प्रश्न पुन्हा पुन्हा असतात. पहिला असा, की तेव्हा आमचं फेरिटिन किंवा डी-डायमर खूप वाढलं होतं, आता पुन्हा तपासून घ्यायचं का? आणि दुसरा असा, की कोविडमध्ये शरीरात फ्री रॅडिकल वाढतात असं वाचलं, तर अँटिऑक्सिडंटची कोणती गोळी चांगली?

मी बायोकेमिस्ट्रीची शिक्षिका आहे. माझं काम रक्ताच्या नळीतल्या रसायनांशी, रुग्णावर उपचार करण्याचं नव्हे. त्यामुळे आज मी औषध सांगणार नाही. ते आकडे कुठून येतात, कशामुळे वाढतात आणि ते वाढलेले दिसले तर नेमकं काय समजायचं, एवढंच आपण पाहू. सगळ्याचं सार आधीच सांगून टाकते. आकडा खाली आणणं आणि माणूस वाचवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोविडने हा धडा आपल्याला फार महाग किमतीत शिकवला.

ऑक्सिजनची दुसरी बाजू

सुरुवात ऑक्सिजनपासून करू. कापलेलं सफरचंद थोड्या वेळात तपकिरी पडतं. लोखंडाच्या कढईला गंज चढतो. जुन्या तेलाला खवट वास येतो. या तिन्हींत ऑक्सिजनचा हात आहे. जो वायू आपल्याला जगवतो, तोच वस्तू हळूहळू खराबही करतो.

आपल्या पेशींतही हेच चालतं. पेशीमध्ये मायटोकॉन्ड्रिया नावाचे छोटे कारखाने असतात. अन्नातली ऊर्जा तिथे ऑक्सिजनच्या मदतीने मोकळी होते. चुलीत लाकूड जळताना काही ठिणग्या बाहेर उडतातच, तसं इथेही होतं. काही ऑक्सिजनचे रेणू अर्धवट अवस्थेत बाहेर पडतात. त्यांच्याकडे एक इलेक्ट्रॉन बिनजोडीचा असतो. तो जोडी शोधण्यासाठी शेजारच्या रेणूवर झडप घालतो, मग ते प्रथिन असो, पेशीच्या आवरणातली चरबी असो की डीएनए असो. अशा अस्वस्थ रेणूंना आपण फ्री रॅडिकल म्हणतो.

शरीराकडे यावर बंदोबस्त आहे. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जो मॅकॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइड डिसम्युटेज या एन्झाइमचं काम दाखवून दिलं. हे एन्झाइम एका घातक रॅडिकलचं हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये रूपांतर करतं. मग कॅटलेज नावाचं दुसरं एन्झाइम त्या पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं. जखमेवर पेरॉक्साइड टाकल्यावर जो फेस येतो ना, तो याच कॅटलेजमुळे. तिसरा मोठा रखवालदार म्हणजे ग्लुटाथायोन. तीन अमिनो आम्लांपासून पेशी तो स्वतःच बनवते.

ठिणग्या आणि रखवालदार यांचा तोल राहिला तर सगळं ठीक चालतं. ठिणग्या फार वाढल्या किंवा रखवालदार कमी पडले की तोल बिघडतो. या बिघडलेल्या तोलाला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ हेल्मुट झीस यांनी १९८५ मध्ये ही संकल्पना मांडली. लक्षात घ्या, 'स्ट्रेस' हा शब्द असला तरी याचा मनाच्या ताणाशी थेट संबंध नाही. हा रसायनांचा ताण आहे.

रॅडिकल हा निव्वळ खलनायक नाही

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. जाहिरातींमुळे आपल्याला वाटतं, की फ्री रॅडिकल म्हणजे शत्रू आणि अँटिऑक्सिडंट म्हणजे मित्र. शरीर इतकं सरळ वागत नाही.

आपल्या रक्तात न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. जंतू दिसला की त्या त्याला गिळतात आणि मुद्दाम भरपूर रॅडिकल तयार करतात. त्यांच्यातलं एक एन्झाइम तर हायपोक्लोरस आम्ल बनवतं. घरात फरशी आणि कपडे स्वच्छ करायला जे ब्लीच वापरतो, त्याच्याच जातीचं हे रसायन. म्हणजे आपल्या पेशी जंतूंवर अक्षरशः ब्लीच ओततात.

काही मुलं जन्मतःच हे रॅडिकल तयार करणाऱ्या एन्झाइममध्ये दोष घेऊन येतात. त्या आजाराला क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज म्हणतात. अशा मुलांना जंतूंचे आणि बुरशीचे गंभीर संसर्ग पुन्हा पुन्हा होतात. रॅडिकल नसले तर काय होतं, याचं हे उत्तर. हा मुद्दा डोक्यात ठेवा, पुढे गोळ्यांकडे वळू तेव्हा तो उपयोगी पडेल.

रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाच्या रक्तात काय घडत होतं?

कोविडमध्ये बहुतेक लोक घरीच बरे झाले. ज्यांना दाखल करावं लागलं, त्यांच्यापैकी अनेकांची प्रकृती आजाराच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास बिघडायची. त्या टप्प्यावर विषाणूपेक्षा शरीराचा स्वतःचाच प्रतिसाद जास्त नुकसान करत असे.

फुप्फुसात संसर्ग झाला की पांढऱ्या पेशींची गर्दी जमते. त्या रॅडिकल सोडतात. रॅडिकलमुळे फुप्फुसाच्या नाजूक भिंती आणि रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर दुखावतं. दुखावलेल्या पेशी धोक्याचे संदेश पाठवतात आणि आणखी पांढऱ्या पेशी येतात. हे चक्र स्वतःलाच खतपाणी घालत राहतं. अस्तर खराब झालं की रक्त तिथे गोठू लागतं आणि बारीक गुठळ्या तयार होतात.

मधुमेह असलेल्या लोकांत आणि वृद्धांत ग्लुटाथायोनचा साठा आधीपासूनच कमी असू शकतो. अमेरिकेत ह्यूस्टन इथल्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनच्या संशोधकांनी दाखल रुग्णांचं रक्त तपासलं. कोविड नसलेल्या लोकांच्या तुलनेत या रुग्णांत ग्लुटाथायोन कमी आणि ऑक्सिडेशनच्या नुकसानीच्या खुणा जास्त आढळल्या. इतर देशांतही अशाच प्रकारचे निष्कर्ष निघाले. तेव्हा दाखल रुग्णांत ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढलेला असतो, ही गोष्ट खरी आहे.

अजून एक बाब. खुद्द उपचाराचा ऑक्सिजनही जास्त काळ आणि जास्त प्रमाणात दिला तर फुप्फुसात रॅडिकल वाढवतो. म्हणून ऑक्सिमीटरवर १०० दिसावं असा डॉक्टरांचा हट्ट नव्हता. एम्स आणि आयसीएमआर यांच्या उपचारपद्धतीत बहुतेक रुग्णांसाठी ९२ ते ९६ टक्के हे लक्ष्य दिलेलं होतं. "बाटली लावली आहे तर पूर्ण का सोडत नाहीत?" असं तेव्हा नातेवाईक विचारत. त्यामागचं एक कारण हे होतं.

आता एकेक आकडा

सीआरपी म्हणजे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. १९३० मध्ये विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते सापडलं. शरीरात कुठेही दाह सुरू झाला की यकृत ते बनवतं. काही तासांत ते वाढू लागतं आणि साधारण दोन दिवसांत शिखरावर पोहोचतं. दाह थांबला की सुमारे १९ तासांत त्याची पातळी निम्मी होते. म्हणून आजार वाढतो आहे की उतरतो आहे, हे पाहायला ते सोयीचं. पण दाह कुठे आहे आणि कशामुळे आहे, हे ते सांगत नाही. दाताचं गळू, टायफॉइड, संधिवात, शस्त्रक्रिया, सगळ्यांत सीआरपी वाढतो.

फेरिटिन हा लोह साठवण्याचा डबा आहे. एरवी ते कमी आलं तर शरीरात लोह कमी आहे असं आपण समजतो, आणि आपल्या देशात तर स्त्रियांमध्ये ते कमीच येतं. पण दाह वाढला की फेरिटिनही वाढतं. डबे जास्त दिसले म्हणजे धान्य जास्त झालं असं नाही. डेंग्यूमध्ये आणि यकृताच्या आजारातही ते वाढतं. कोविडच्या फायलीत फेरिटिन १२०० आलं म्हणून शरीरात लोह साचलं, असा अर्थ काढू नका.

डी-डायमर म्हणजे रक्ताची गुठळी विरघळताना सुटलेला तुकडा. तो वाढला म्हणजे कुठेतरी गुठळ्या होत आहेत आणि मोडत आहेत. पण वय वाढलं की तो वाढतो, गरोदरपणात वाढतो, शस्त्रक्रियेनंतर वाढतो, बऱ्याच संसर्गांत वाढतो.

एलडीएच हे जवळपास सगळ्या पेशींच्या आत असणारं एन्झाइम. पेशी फुटली की ते रक्तात येतं, म्हणजे ते ऊतींच्या मोडतोडीची खूण आहे. मात्र लाल पेशींतही ते भरपूर असतं. सुई नीट लागली नाही, नळी जोरात हलवली, नमुना वाटेत तापला, तर नळीतच लाल पेशी फुटतात आणि एलडीएच वाढलेलं दिसतं. रुग्ण तसाच असतो, बिघाड नळीत झालेला असतो.

लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी गंभीर कोविडमध्ये कमी व्हायच्या आणि न्यूट्रोफिल वाढायच्या. साध्या सीबीसीमध्येही हे कळतं. त्या दोघांचं गुणोत्तर हा स्वस्त आणि बऱ्यापैकी उपयोगी आकडा होता.

मग ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसचा आकडा कुठे गेला? तो तुमच्या फायलीत बहुधा नसणारच. संशोधनात तो मोजतात. चरबी ऑक्सिडाइज झाल्यावर मॅलॉनडायअल्डिहाइड, म्हणजे एमडीए, नावाचा पदार्थ तयार होतो, तो मोजतात. ग्लुटाथायोन मोजतात, सुपरऑक्साइड डिसम्युटेजचं काम मोजतात. पण रक्त नळीत पडल्यावरही हवेतल्या ऑक्सिजनशी ही रासायनिक क्रिया चालूच राहते. नमुना लगेच थंड केला नाही, खूप खालच्या तापमानाला गोठवला नाही, तर आकडा बदलतो. शिवाय एमडीएची जुनी प्रचलित पद्धत इतर पदार्थांनाही एमडीए समजून मोजते. त्यामुळे एका लॅबचा आकडा दुसरीशी जुळेलच असं नाही. कोणी तुम्हाला 'संपूर्ण ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस पॅकेज' विकत असेल, तर एवढंच विचारा, की हा आकडा जास्त आला तर माझ्या उपचारात नेमकं काय बदलणार आहे?

धूर आणि आग

चीनमधल्या वुहान इथल्या १९१ दाखल रुग्णांचा एक अभ्यास मार्च २०२० मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. दाखल होताना ज्यांचा डी-डायमर एका मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त होता, त्यांच्या बाबतीत मृत्यूचा संभव, संख्याशास्त्राच्या हिशेबात, सुमारे १८ पट निघाला. हा आकडा जगभर पसरला. पण त्याच अभ्यासात या '१८' ची शक्यतेची मर्यादा अडीचच्या थोडी वरपासून १२८ पर्यंत होती. रुग्ण थोडे असले की अंदाज असा पसरट येतो. बातमीत फक्त १८ आलं.

आणि तो १८ बरोबर धरला, तरी त्याचा अर्थ काय? ज्यांचा डी-डायमर जास्त, ते जास्त आजारी, एवढाच. डी-डायमरने त्यांना मारलं, असा नाही. लांबून धूर दिसला की आग लागल्याचं कळतं. पण पंखा लावून धूर घालवला तर आग विझत नाही. रक्तातले बहुतेक आकडे धुरासारखे असतात. कधी एखादा आकडा आगीचाच भाग असतो. कोणता आकडा कसा आहे, हे नुसत्या निरीक्षणाने ठरत नाही. त्यासाठी रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून केल्यासारखे दोन गट करावे लागतात, एका गटाला उपचार द्यायचा, दुसऱ्याला नाही, आणि कोण वाचलं हे मोजायचं.

आपल्याच देशातलं उदाहरण घ्या. एप्रिल ते जुलै २०२० मध्ये आयसीएमआरने ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर प्लाझ्माची चाचणी केली. प्लाझ्मा मिळालेल्यांपैकी जास्त जणांच्या तपासणीत सातव्या दिवशी विषाणू सापडला नाही. म्हणजे आकडा सुधारला. पण आजार गंभीर होणं किंवा मृत्यू, हे मिळून प्लाझ्मा गटात १९ टक्के आणि दुसऱ्या गटात १८ टक्के होतं. फरक शून्य. तरीही पुढच्या वर्षी लोक प्लाझ्मासाठी रात्री-अपरात्री वणवण फिरले. मे २०२१ मध्ये प्लाझ्मा राष्ट्रीय उपचारपद्धतीतून काढून टाकण्यात आला.

अँटिऑक्सिडंटचं काय झालं?

तर्क अगदी सरळ होता. रुग्णांत रॅडिकल जास्त आहेत, रखवालदार कमी आहेत, मग बाहेरून रखवालदार द्या. म्हणून क जीवनसत्त्व, झिंक, एन-ॲसिटिलसिस्टीन यांच्या चाचण्या झाल्या. एन-ॲसिटिलसिस्टीन शरीराला ग्लुटाथायोन बनवायला कच्चा माल पुरवतं.

अमेरिकेत २१४ सौम्य रुग्णांना क जीवनसत्त्वाचा रोज ८ ग्रॅमचा मोठा डोस, झिंक, दोन्ही किंवा काहीच नाही, असे चार गट करून पाहिलं. लक्षणं कमी व्हायला लागणारे दिवस फारसे बदलले नाहीत आणि चाचणी मध्येच थांबवली. ब्राझीलमध्ये १३५ गंभीर रुग्णांवर एन-ॲसिटिलसिस्टीनचा मोठा डोस वापरला, पण व्हेंटिलेटर लागण्याचं प्रमाण घटलं नाही. दाखल कोविड रुग्णांना शिरेतून क जीवनसत्त्व देण्याच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचण्यांचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले, तेव्हाही फायदा दिसला नाही. त्याआधी २०२२ मध्ये, सेप्सिसच्या ८७२ रुग्णांच्या चाचणीत तर क जीवनसत्त्व दिलेल्यांपैकी ४४.५ टक्के जणांचा मृत्यू झाला किंवा त्यांचे अवयव निकामी राहिले. न दिलेल्यांत हे प्रमाण ३८.५ टक्के होतं. म्हणजे उलटाच परिणाम.

असं का व्हावं? तीन कारणं संभवतात. एक, रुग्ण दाखल होईपर्यंत नुकसान पुढे गेलेलं असतं, आणि रॅडिकल हे त्या नुकसानीचं कारण जेवढं, तेवढाच परिणामही असतात. दोन, गोळीतला पदार्थ नेमक्या पेशीत, नेमक्या जागी, नेमक्या वेळी पोहोचतोच असं नाही. तीन, मघाशी म्हटलं तसं, रॅडिकल हे जंतू मारायचं शस्त्रही आहे. ते सरसकट बोथट केलं तर फायदाच होईल याची खात्री नाही.

हा धडा नवा नाही. १९९४ मध्ये फिनलंडमधल्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. बीटा-कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटने फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल अशी अपेक्षा होती. ते घेणाऱ्यांत कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला.

मग आकडे निरुपयोगी का?

नाही, अजिबात नाही. आकडा योग्य प्रश्नाला जोडला तर तो जीव वाचवतो.

ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीचं उदाहरण बघा. डेक्सामेथासोन हे स्वस्त स्टेरॉइड, रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत २८ दिवसांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले. ऑक्सिजन लागणाऱ्यांत २६.२ वरून २३.३ वर. पण ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता, त्यांच्यात औषध न घेणाऱ्यांत १४ टक्के आणि घेणाऱ्यांत १७.८ टक्के मृत्यू झाले. हा शेवटचा फरक योगायोगाचाही असू शकतो, पण फायदा मात्र नक्की दिसला नाही. म्हणजे स्टेरॉइड द्यायचं की नाही, हे ठरवणारी गोष्ट होती ऑक्सिजनची गरज. सीआरपी नव्हे.

याच चाचणीत टोसिलिझुमॅब या महागड्या इंजेक्शनसाठी सीआरपीचा उपयोग झाला. पण अट दुहेरी होती, ऑक्सिजन कमी हवा आणि सीआरपी लिटरला ७५ मिलिग्रॅम किंवा जास्त हवा. अशा रुग्णांत मृत्यू ३५ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. बघा, इथे आकडा एकटा नाही. त्याच्या शेजारी रुग्णाची अवस्था उभी आहे.

आता २०२१ चा उन्हाळा आठवा. खाटा नव्हत्या, ऑक्सिजन नव्हता, डॉक्टर फोनवरही मिळत नव्हते. हातात होतं ते फक्त लॅबचं पान. ऑक्सिमीटरवर ९७, चालता-बोलता माणूस, पण सीआरपी ४० आला म्हणून कितीतरी घरांत चौथ्या-पाचव्या दिवशीच स्टेरॉइड सुरू झालं. कधी डॉक्टरच्या सल्ल्याने, कधी व्हॉट्सॲपवर आलेल्या जुन्या चिठ्ठीवरून. त्या लोकांना दोष देण्यात अर्थ नाही. घाबरलेल्या माणसाला आकडा आधार वाटतो. मे २०२१ च्या सुरुवातीला एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी जाहीरपणे सांगितलं, की सौम्य आजारात अशा रक्ततपासण्यांची आणि सीटी स्कॅनची गरज नाही, आणि लवकर दिलेलं स्टेरॉइड नुकसान करू शकतं.

ते नुकसान कसं होतं, तेही समजून घ्या. स्टेरॉइडने सीआरपी झपाट्याने उतरतो. घरच्यांना हायसं वाटतं. पण त्याच वेळी प्रतिकारशक्ती दबते आणि साखर चढते. साखर फार चढून रक्त आम्लधर्मी झालं, की एरवी प्रथिनाला घट्ट बांधलेलं लोह सुटं होतं, आणि म्युकर या बुरशीला वाढायला लोहच लागतं. काळी बुरशी म्हणून आपण ज्याला ओळखलं, त्या आजाराने त्या उन्हाळ्यात कितीतरी लोकांचे डोळे, जबडे आणि प्राण नेले. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारला राज्यांना सांगावं लागलं, की या आजाराची प्रत्येक केस कळवणं बंधनकारक करा. कारणं अनेक होती, अनियंत्रित मधुमेह हे त्यांतलं मोठं. पण गरज नसताना दिलेलं स्टेरॉइड हेही त्यांतलं एक. पानावरचा आकडा सुंदर दिसत होता आणि माणूस धोक्यात जात होता.

रिपोर्ट हातात आला तर

हे सगळं फक्त कोविडपुरतं नाही. डेंग्यू असो, न्यूमोनिया असो, उद्या नवीन साथ आली तरी हेच आकडे पुन्हा समोर येतील. तेव्हा काही साध्या गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली गोष्ट एककाची. एक लॅब सीआरपी लिटरला मिलिग्रॅममध्ये देते, दुसरी डेसिलिटरला. त्यात दहापट फरक पडतो. ६० आणि ६ हे एकच असू शकतात. डी-डायमरमध्ये तर घोळ आणखी मोठा. ०.५ मायक्रोग्रॅम आणि ५०० नॅनोग्रॅम एकच. शिवाय एफईयू आणि डीडीयू अशी दोन मापं आहेत आणि पहिलं दुसऱ्याच्या साधारण दुप्पट येतं. काल एका लॅबचा ४०० आणि आज दुसऱ्या लॅबचा ८०० आला, तर आजार दुप्पट झाला असं मानण्याआधी दोन्ही पानांवरचं एकक वाचा. शक्यतो एकाच लॅबमधून तपासा.

दुसरी, एका आकड्यापेक्षा त्याची दिशा महत्त्वाची. आणि तीही रोज पाहायची गरज नसते. एम्सच्या २०२१ च्या पद्धतीतसुद्धा मध्यम आजारात सीआरपी आणि डी-डायमर ४८ ते ७२ तासांनी पाहायला सांगितलं होतं.

तिसरी, पानाआधी माणूस बघा. श्वास मिनिटाला किती वेळा चालतो आहे, ऑक्सिमीटर काय दाखवतं, माणूस नीट बोलतो आहे का, लघवी होते आहे का. त्या पद्धतीत मध्यम आजार ठरवायला मिनिटाला २४ किंवा जास्त श्वास, किंवा ९० ते ९३ टक्के ऑक्सिजन, हेच निकष होते. श्वास मोजायला घड्याळ पुरतं.

चौथी, तपासणी लिहून दिली तर नम्रपणे विचारा, "डॉक्टर, याचं उत्तर काय आलं तर आपण काय वेगळं करणार?" चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

आता सुरुवातीच्या दोन प्रश्नांची उत्तरं तुम्हीच द्याल. तेव्हा वाढलेलं फेरिटिन आज पुन्हा तपासायचं का? तुम्हाला काही त्रास नसेल, तर नुसत्या कुतूहलासाठी नको. धाप लागते, पायाला सूज येते, छातीत दुखतं, खूप थकवा राहतो, असं काही असेल तर डॉक्टरांना तो त्रास सांगा, तपासणी कोणती हे ते ठरवतील. जुनी फाइल मात्र टाकू नका, ती सोबत न्या.

आणि गोळी कोणती? आजाराने घटलेलं जीवनसत्त्व भरून काढायला डॉक्टरांनी काही दिलं असेल तर जरूर घ्या. पण फ्री रॅडिकल मारायला म्हणून महिन्याला पैसे घालवू नका. शरीराचे रखवालदार शरीरच बनवतं. त्यांना लागतं ते रोजच्या जेवणातलं प्रथिन, म्हणजे डाळ, दूध, चालत असेल तर अंडी-मासे, आणि भाजी-फळं. त्यांच्यावरचा भार कमी करायचा असेल तर तंबाखू आणि विडी-सिगारेट सोडा, आणि साखर आटोक्यात ठेवा.

तुमच्याकडे एखादा रिपोर्ट असेल आणि त्यातला शब्द कळत नसेल, तर शब्द तेवढा लिहून पाठवा, नाव-पत्ता असलेलं पान नको. अशा शब्दांवर आपण पुढच्या भागात बोलू. तोपर्यंत नमस्कार.